कॉलेज फुटबॉल प्लेऑफ: सामन्याआधी अंदाज कसा बांधायचा

डिसेंबरच्या सुरुवातीला एका रविवारी निवड समिती अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या प्लेऑफसाठी (बाद फेरीसाठी) १२ संघांची नावं जाहीर करते आणि त्याच दिवशी अमेरिकेत घराघरांत, हॉस्टेलांत, ऑफिसांत ब्रॅकेट, म्हणजे कोणता सामना कोण जिंकेल याचा तक्ता, भरायला सुरुवात होते. बहुतेक जण दोनच गोष्टी पाहून पेन उचलतात: संघाचं मानांकन आणि त्याचे जय-पराजय. या दोन्ही गोष्टी मोसमात काय घडलं ते सांगतात. आपल्याला हवं असतं ते वेगळं. ठरावीक तारखेला, ठरावीक मैदानावर, तेव्हा जे खेळाडू धडधाकट असतील त्यांच्यासह हे दोन संघ भिडले तर काय होईल? एका संघाची सरळ ताकद कुठे आहे, समोरच्याचं तिथलं दुखणं काय आहे आणि नोव्हेंबरनंतर काय बदललं, एवढ्यावर नजर ठेवली तर अंदाज पुष्कळ सुधारतो. शिकायला किंवा नोकरीला अमेरिकेत गेलेले आणि शनिवारी मैदानाबाहेरचा जल्लोष पाहून या खेळाच्या प्रेमात पडलेले अनेक मराठी वाचक आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि इथे भारतात पहाटे उठून सामने पाहणाऱ्यांसाठीही. पैसे लावण्याशी त्याचा संबंध नाही.

पहिली पायरी: मानांकन कसं ठरलं ते तपासा

२०१४ च्या मोसमापासून २०२३ पर्यंत प्लेऑफमध्ये ४ संघ असत. २०२४ पासून १२ झाले. पहिल्या ४ मानांकितांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळते, म्हणजे न खेळताच ते पुढच्या फेरीत जातात. ५ ते ८ मानांकित संघ आपापल्या कॅम्पसवर ९ ते १२ मानांकितांशी खेळतात. पुढच्या दोन फेऱ्या बोल सामन्यांत (रोझ बोल, कॉटन बोल अशा नावांच्या पारंपरिक सामन्यांत) होतात आणि अंतिम सामना आधीच ठरलेल्या शहरात. एकूण सामने ११.

२०२४ मध्ये पुढे चाल फक्त कॉन्फरन्स (संघांचे गट) विजेत्यांनाच मिळत असे. त्यामुळे समितीच्या क्रमवारीत नवव्या असलेल्या बॉयसी स्टेटला तिसरं मानांकन मिळालं, बाराव्या असलेल्या ॲरिझोना स्टेटला चौथं, आणि क्रमवारीत चौथी असलेली पेन स्टेट सहाव्या मानांकनावर गेली. त्या वर्षी पुढे चाल मिळालेले चारही संघ पहिल्याच सामन्यात हरले आणि ‘विश्रांती शाप ठरते’ अशी ओरड सुरू झाली. नीट बघा. बॉयसीला पेन स्टेटने ३१-१४ असं हरवलं, म्हणजे क्रमवारीतल्या चौथ्याने नवव्याला. टेक्ससने ॲरिझोना स्टेटला दोन ओव्हरटाइमनंतर ३९-३१ असं हरवलं, म्हणजे तिसऱ्याने बाराव्याला. ओरेगनला हरवणारी ओहायो स्टेट त्या दिवशी जाणकारांची पसंती होती. राहिली जॉर्जिया, आणि तिचा पहिला क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, चढाई चालवणारा खेळाडू) कार्सन बेक कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात जखमी झाला होता. शाप कुठे आहे यात?

२०२५ पासून समितीची क्रमवारी हेच मानांकन झालं. तरीही ओहायो स्टेट, जॉर्जिया आणि टेक्सस टेक उपांत्यपूर्व फेरीतच बाद झाले. पण त्याच विश्रांतीनंतर इंडियानाने रोझ बोलमध्ये अलाबामाचा ३८-३ असा फडशा पाडला. आठ सामन्यांत विश्रांती घेतलेल्यांचा एकच विजय, हे खरं आहे. पण आठ सामन्यांवरून नियम बांधू नये. मी या गोष्टीला फार तर एका गुणाचं वजन देतो.

दुसरी पायरी: आधी आकडा काढा, मग मत बनवा

दोन संघांमध्ये किती गुणांचं अंतर आहे, याचा कोरा आकडा आधी कागदावर हवा. त्यासाठी स्वतःची गणितं मांडायची गरज नाही. बिल कॉनेली यांची एसपी प्लस आणि ईएसपीएनची एफपीआय या दोन पद्धती संघांना गुणांच्या भाषेतच मोजतात. समजा एकाचं रेटिंग २४ आणि दुसऱ्याचं १८ असेल, तर तटस्थ मैदानावर पहिला साधारण ६ गुणांनी वरचढ. सामना पहिल्याच्या कॅम्पसवर असेल तर अडीच-तीन गुण आणखी धरा. दोन-तीन पद्धतींची सरासरी घ्या, कारण प्रत्येकीचा काही ना काही कल असतो.

बाजारात फिरणारी रेषा, म्हणजे अमुक संघ इतक्या गुणांनी जिंकेल हा भाव, यानंतर पाहा. आधी पाहिलात तर मन तिथेच अडकतं आणि पुढचा सगळा अभ्यास त्या आकड्याचं समर्थन होऊन बसतो. तुमचा आकडा आणि रेषा यांत ३ गुणांहून जास्त फरक असेल, तर कुणाला तरी काही माहीत आहे जे दुसऱ्याला नाही. बहुतेक वेळा तो दुसरा आपण असतो, आणि कारण कुणाची तरी दुखापत असते. फरक का आहे हे शोधण्यातच अर्धं प्रिव्ह्यू, म्हणजे सामन्याआधीचा लेख, तयार होतं.

तिसरी पायरी: धावफलकाच्या मागे जा

अंतिम स्कोअर अनेकदा फसवतो. २०२५ च्या जानेवारीतला कॉटन बोल घ्या. ओहायो स्टेट २८, टेक्सस १४. दोन टचडाउनचा आरामशीर विजय वाटतो. प्रत्यक्षात शेवटच्या काही मिनिटांत टेक्सस बरोबरी साधण्याच्या बेतात होतं. एन्ड झोन, म्हणजे चेंडू नेला की टचडाउन मिळतो ती मैदानाच्या टोकाची पट्टी, एका यार्डावर होता. तिथून मागे रेटलं गेल्यावर चौथ्या डाउनला (१० यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात, त्यांना डाउन म्हणतात) ओहायो स्टेटच्या जॅक सॉयरने टेक्ससचा क्वार्टरबॅक क्विन इवर्स याच्या हातातून चेंडू उडवला आणि ८३ यार्ड पळत जाऊन टचडाउन केला. ‘टेक्ससला १४ गुणांनी हरवणारा संघ’ असं धरून अंतिम सामन्याचा अंदाज बांधला असता तर पायाच चुकला असता.

उलट बाजूचं उदाहरण २०२५ च्या पहिल्या फेरीत मिळालं. ओरेगनने जेम्स मॅडिसनला ५१-३४ असं हरवलं. डिफेन्सने (बचाव करणाऱ्या फळीने) ३४ गुण दिले म्हणजे पुढे हाल आहेत, असं वाटावं. पण हाफटाइमलाच ३४-६ झालं होतं. सामना संपल्यात जमा असताना पडलेले गुण आणि यार्ड हिशेबातून काढून टाकायला शिका. आकडेवारी देणाऱ्या बऱ्याच साइटवर तशी सोय असते.

मग बघायचं काय? माझ्या दृष्टीने सगळ्यात उपयोगी आकडा म्हणजे सक्सेस रेट: प्रत्येक प्लेनंतर (प्ले म्हणजे चेंडू खेळात येण्यापासून थांबेपर्यंतची एक चाल) संघ हवा तेवढा पुढे गेला का? पहिल्या डाउनला हव्या असलेल्या यार्डांपैकी निम्मे, दुसऱ्याला ७० टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण, हा त्याचा नेहमीचा निकष. जोडीला मोठ्या प्लेचं प्रमाण बघा. क्रिकेटमध्ये एखादा फलंदाज एकेरी-दुहेरी धावांनी डाव चालता ठेवतो आणि एखादा षटकारांवर जगतो, तसाच हा फरक आहे. षटकारांवर जगणाऱ्या ऑफेन्सला (चढाई करणाऱ्या फळीला) सरस डिफेन्स भेटला की तो एकदम कोरडा पडतो. म्हणून बाद फेरीत मी सक्सेस रेटला झुकतं माप देतो. तिसरी गोष्ट, विरोधी संघाच्या ४० यार्ड रेषेच्या आत शिरल्यावर प्रत्येक वेळी सरासरी किती गुण मिळाले. तिथून फील्ड गोलवर (चेंडू लाथेने खांबांमधून मारून मिळणाऱ्या ३ गुणांवर) समाधान मानणारा संघ जवळच्या सामन्यात हरतो.

टर्नओव्हरबद्दल, म्हणजे चेंडू विरोधी संघाकडे जाण्याबद्दल, सावध राहा. जमिनीवर पडलेला चेंडू कोण उचलेल, हे जवळपास छापा-काटा असतं. डिफेन्सच्या हाताला लागलेल्या पासांपैकी साधारण पाचातला एक इंटरसेप्शन होतो, म्हणजे डिफेन्स तो झेलतो. एखाद्या संघाचं प्रमाण याच्या खूप वर असेल, तर तो तसाच राहील असं मानू नका. मात्र सतत दबाव टाकून चुका घडवणारा डिफेन्स असेल तर गोष्ट वेगळी. तिथे नशीब कमी आणि मेहनत जास्त असते.

चौथी पायरी: लाइनवरची लढाई

इथे घाई करू नका. प्लेऑफचे निकाल मी जितके मागे वळून पाहतो, तितके ते ऑफेन्सिव्ह लाइन (क्वार्टरबॅकला वाचवणारे आणि वाट मोकळी करणारे पाच जण) आणि समोरची डिफेन्सिव्ह लाइन यांच्यात ठरलेले दिसतात. मोसमात नऊ-दहा सामने कमजोर लाइनसमोर खेळून मोठे आकडे जमवता येतात. प्लेऑफमध्ये समोर पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये जाणारी मुलं उभी असतात. २०२४ च्या मोसमात बॉयसीच्या ॲश्टन जेंटीने तब्बल २,६०१ यार्ड पळून काढले. पेन स्टेटसमोर त्याला ३० वेळा चेंडू मिळाला आणि यार्ड झाले १०४. तो तोच होता, समोरची भिंत बदलली होती.

करायचं असं. दोन्ही संघांच्या पाचही ऑफेन्सिव्ह लाइनमनची नावं आणि जागा लिहा. कोण मूळचा आहे, कोण जखमेमुळे दुसऱ्या जागेवर सरकला आहे, याची नोंद करा. समोर डिफेन्सचे दोन सगळ्यात धोकादायक पास रशर (क्वार्टरबॅकवर धावून जाणारे) लिहा आणि ते कुठल्या बाजूने येतात ते बघा. मग त्या संघाचे मोसमातले शेवटचे दोन-तीन तगडे सामने शोधा आणि फक्त तिसऱ्या डाउनचे प्ले पाहा. क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला वेळ मिळतो आहे का? चार जणच धावून येऊन दबाव टाकत आहेत, की ब्लिट्झ करावा, म्हणजे जास्तीची माणसं धाडावी, लागतो आहे? चार जणांत दबाव टाकणारा डिफेन्स मागे सात माणसं ठेवू शकतो, आणि प्लेऑफमध्ये यापेक्षा मोठी देणगी नाही.

२०२५ च्या मोसमातला कॉटन बोल याचा धडा आहे. गतविजेती ओहायो स्टेट दुसऱ्या मानांकनावर होती, मायामी दहाव्या. बहुतेकांनी ओहायो स्टेटला सहज पुढे धाडलं. पण कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात इंडियानाने क्वार्टरबॅक ज्युलियन सेयिनला वारंवार जमिनीवर आणलं होतं, आणि मायामीकडे रूबेन बेन व अकीम मेसिडोर ही दोन्ही कडांवरून येणारी जोडी होती. आधीच्या फेरीत टेक्सस ए अँड एमला तिच्याच मैदानावर केवळ ३ गुणांवर रोखलं गेलं, त्यामागेही हीच जोडी होती. खूण समोर होती. मायामी २४-१४ ने जिंकली.

पाचवी पायरी: नोव्हेंबरनंतर काय बदललं

शेवटचा साखळी सामना आणि बाद फेरी यांच्यात तीन-चार आठवडे जातात. कॉलेज फुटबॉलमध्ये एवढ्या काळात संघ ओळखू येणार नाही इतका बदलू शकतो. दुखापतींबद्दल प्रशिक्षक तोंड उघडत नाहीत, म्हणून विद्यापीठाच्या गावातल्या वार्ताहरांचं लिखाण वाचा. सरावाच्या पहिल्या काही मिनिटांत कोण दिसला, कोण नाही, हे तेच सांगतात. राष्ट्रीय वाहिन्यांवर हे येईपर्यंत उशीर झालेला असतो.

ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे खेळाडूंना विद्यापीठ बदलू देणारी व्यवस्था, हा नवा घोळ. २०२४ मध्ये पेन स्टेटचा राखीव क्वार्टरबॅक ब्यू प्रिब्युला प्लेऑफच्या तोंडावर संघ सोडून गेला. तो ठरावीक प्लेसाठी मैदानात येत असे, म्हणजे ऑफेन्सचा एक तुकडाच गेला.

प्रशिक्षक बदलाचं वजन मात्र लोक फुगवून धरतात. २०२५ मध्ये मुख्य प्रशिक्षक लेन किफिन ओल मिस सोडून एलएसयू या दुसऱ्या विद्यापीठाला गेले आणि पीट गोल्डिंग यांच्याकडे सूत्रं आली. संघ कोसळेल असं सर्रास बोललं गेलं. ओल मिसने ट्युलेनला ४१-१० आणि जॉर्जियाला ३९-३४ असं हरवलं, मग मायामीकडून ३१-२७ ने हरले. मुख्य प्रशिक्षक गेला यापेक्षा सामन्याच्या दिवशी प्ले कोण सांगणार, हा प्रश्न महत्त्वाचा. तो माणूस जागेवर असेल तर फार गुण कापू नका.

कोणी गेलं नाही, पण डोकं बदललं, असंही होतं. २०२४ ची ओहायो स्टेट हे माझं आवडतं उदाहरण. लाइनमधला जॉश सिमन्स ऑक्टोबरमध्ये जायबंदी झाला, सेंटर सेथ मॅक्लॉक्लिन नोव्हेंबरमध्ये. गार्ड खेळणाऱ्या डोनोव्हन जॅक्सनला लेफ्ट टॅकलवर, म्हणजे लाइनच्या डाव्या कडेला, आणावं लागलं. मिशिगनविरुद्ध घरच्या मैदानावर संघ मधल्या गर्दीतच चेंडू घुसवत राहिला आणि १३-१० ने हरला. तीन आठवड्यांनी टेनेसीसमोर सुरुवातीपासूनच पास झेलणाऱ्या जेरेमाया स्मिथकडे चेंडू जाऊ लागला. पहिल्याच क्वार्टरमध्ये २१-०, शेवट ४२-१७. योजना बदलल्याचा पुरावा तिथे मिळाला होता. ज्यांनी तो सामना डोळसपणे पाहिला, त्यांना पुढच्या रोझ बोलमधला ओरेगनवरचा विजय फारसा अनपेक्षित वाटला नाही.

सहावी पायरी: आधी भेटलेले संघ पुन्हा समोर आले तर

१२ संघांच्या प्लेऑफमध्ये हे वारंवार घडतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ओरेगनने ओहायो स्टेटला ३२-३१ असं हरवलं होतं. रोझ बोलमध्ये ओहायो स्टेटने ३४-० अशी आघाडी घेतली आणि सामना ४१-२१ ने खिशात घातला. २०२५ मध्ये ओक्लाहोमाने अलाबामाला नोव्हेंबरमध्ये २३-२१ ने हरवलं होतं. प्लेऑफमध्ये ओक्लाहोमाच्याच मैदानावर अलाबामा १७-० ने मागे पडून ३४-२४ ने जिंकली. जॉर्जियाने ओल मिसला ऑक्टोबरमध्ये ४३-३५ असं नमवलं होतं, तो हिशेब शुगर बोलमध्ये चुकता झाला. याउलट ओल मिस ट्युलेनला दोन्ही वेळा सहज भारी पडली, आणि इंडियानाने ओरेगनला आधी ३०-२०, मग ५६-२२ असं हरवलं.

यात एक धागा आहे. पहिली भेट एखाद-दुसऱ्या ताब्यात ठरली असेल तर तो निकाल जवळपास विसरून जा. पहिल्या भेटीत एक संघ लाइनवर सतत वरचढ दिसला असेल तर तो धरून ठेवा. हरलेला संघ चिडून खेळेल, या कल्पनेला मात्र मी शून्य गुण देतो. त्या पाच लढतींत दोनदा हरलेले संघही चिडलेलेच होते.

सातवी पायरी: मैदान आणि हवा

पहिल्या फेरीत यजमान २०२४ मध्ये ४-० होते, २०२५ मध्ये २-२. म्हणजे फायदा आहे, पण तो सामना जिंकून देत नाही. डिसेंबरच्या थंडीपेक्षा वाऱ्याकडे लक्ष द्या. थंडीतही चेंडू नीट उडतो, जोराच्या वाऱ्यात पास आणि फील्ड गोल दोन्ही बिघडतात. मायामी आणि टेक्सस ए अँड एम यांचा १०-३ चा सामना त्याची साक्ष आहे. असा अंदाज असेल तर एकूण गुण कमी करा. कमी गुणांच्या सामन्यात कमजोर संघाची शक्यता थोडी वाढते, हेही लक्षात ठेवा.

बोल सामन्यांना तटस्थ म्हणतात, पण स्टँडमध्ये कोणाचा रंग जास्त असेल हे आधी कळू शकतं. जानेवारी २०२६ चा अंतिम सामना मायामीच्या स्वतःच्या स्टेडियमवर होता. तरी इंडियानाचे चाहते लोंढ्यांनी आले आणि त्यांचा संघ २७-२१ ने जिंकून १६-० वर थांबला. अशा वेळी घरच्या मैदानाचे अडीच गुण मुकाट्याने जोडू नका.

स्पेशल टीमसाठी (लाथेने चेंडू मारण्याच्या आणि परत आणण्याच्या प्लेसाठीचे खेळाडू) एक ओळ राखून ठेवा. जानेवारी २०२५ च्या शुगर बोलमध्ये नोत्र दामने जॉर्जियाविरुद्ध हाफटाइमच्या अलीकडे-पलीकडे ५४ सेकंदांत १७ गुण केले, त्यात जेडन हॅरिसनचा ९८ यार्डांचा किकऑफ रिटर्न (लाथेने आलेला चेंडू पकडून उलट दिशेने पळणं) होता. असं भाकीत करता येत नाही, पण कोणत्या संघाचा रिटर्नर धोकादायक आणि कोणाचा किकर डळमळीत, हे लिहिता येतं.

आठवी पायरी: शक्यता टक्क्यांत सांगा

आता आकड्यात दुरुस्त्या करा. सगळ्या दुरुस्त्यांची बेरीज ४-५ गुणांच्या वर गेली तर थांबून पुन्हा तपासा. पहिल्या क्वार्टरबॅकची दुखापत सोडली तर इतका मोठा बदल क्वचितच खरा असतो. उरलेला आकडा टक्क्यांत बदला: ३ गुणांची पसंती म्हणजे साधारण ५७-५८ टक्के, ७ गुण म्हणजे ७० च्या आसपास, १४ गुण म्हणजे ८० च्या वर. १४ गुणांनी वरचढ संघही पाच-सहांत एकदा हरतो.

हे टक्के ब्रॅकेटभर नेले की डोळे उघडतात. पुढे चाल मिळालेल्या संघाला तीन सामने जिंकायचे असतात. प्रत्येकात ७५ टक्के शक्यता धरली तरी विजेतेपदाची शक्यता ४२ टक्केच येते. प्रत्येकात ६५ टक्के असेल तर २७. म्हणून ‘हाच संघ जिंकणार’ असं ठामपणे लिहिणाऱ्याचं वाक्य वाचून पुढे जा, त्याच्या कारणांवर थांबा.

नववी पायरी: लिहा आणि हिशेब ठेवा

प्रिव्ह्यू लिहिताना संघांचा इतिहास, ट्रॉफ्या, प्रशिक्षकाचा पगार यांनी सुरुवात करू नका. हा सामना कुठल्या प्रश्नावर फिरेल, तो पहिल्या परिच्छेदात मांडा. ‘मायामीचे कडांवरून येणारे पास रशर ओहायो स्टेटच्या टॅकलना पेलतील का?’ असा एक प्रश्न दहा आकड्यांना भारी पडतो. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या लढती, बदललेल्या गोष्टी, हवा, आणि शेवटी टक्के व स्कोअर. स्कोअर लिहिताना कॉलेज फुटबॉलमध्ये ३ आणि ७ गुणांच्या फरकाचे निकाल जास्त येतात हे ध्यानात असू द्या. आणि कुठली गोष्ट घडली तर आपला अंदाज कोलमडेल, हे एका वाक्यात नोंदवा. सामना पाहताना तीच गोष्ट आधी शोधा.

हिशेबासाठी ब्रायर स्कोअर, म्हणजे अंदाज किती चुकला ते मोजणारा आकडा, वापरा. जिंकलेल्या संघाला तुम्ही दिलेली शक्यता १ मधून वजा करा आणि त्याचा वर्ग काढा. ७० टक्के दिलेला संघ जिंकला तर ०.०९, हरला तर ०.४९. सगळ्या सामन्यांची सरासरी जितकी कमी, तितकं चांगलं. डोळे मिटून प्रत्येक वेळी ५०-५० म्हटलं तर ०.२५ येतो, म्हणजे त्याच्या खाली राहायचं. ११ सामन्यांवरून कोणाचीही पारख होत नाही, म्हणून इतर बोल सामनेही त्याच वहीत घ्या आणि दोन-तीन मोसम नोंदी चालू ठेवा. सोबत बाजाराच्या रेषेवरून निघणारे टक्केही लिहा. रेषेपेक्षा आपण कुठे सातत्याने मागे पडतो, हे त्यातून दिसतं: कुणी थंडीला जास्त भाव देतं, कुणी आपल्या विद्यापीठाला.

भारतातून पाहणाऱ्यांसाठी वेळेचं गणित सोपं आहे. हिवाळ्यात पूर्व अमेरिकेच्या वेळेत साडेदहा तास मिळवा. सोमवारी संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा अंतिम सामना आपल्याकडे मंगळवारी सकाळी सहाला येतो. त्यामुळे अंदाज सोमवारी रात्री झोपण्यापूर्वी वहीत उतरवा, आणि पहाटे उठल्यावर खेळणाऱ्यांची शेवटची यादी पाहून लागलाच तर एकदाच बदला.